कडी नसलेलं दार

नामातात्यांच्या ओट्यासमोरून डोंगराकडे जाणाऱ्या कुणाचीही रिकाम्या हातानं सुटका नव्हती. कर्जत स्टेशनवरून टमटम करून कोंडाण्याच्या अंगाला आलेली पोरं, पाठीवर भल्यामोठ्या सॅक, पायात महागाचे बूट, हसत-खिदळत वाटेला लागायची. ओट्यावर उकिडवा बसलेला एक सुकडा म्हातारा त्यांना हात करायचा. त्याच्या शेजारी मंगलोरी कौलांची थप्पी असायची. "येक घेता का वर?" एवढंच तो विचारायचा. कशाला म्हणून कुणी विचारलंच, तर सांगायचा, "वर पठारावर खोप बांधतोय. पोराच्या नावाची." यावर नाही म्हणणारा मी तरी पाहिला नाही.

म्हणजे घ्यायची सगळीच. पोचवायची सगळीच असं नाही. एक पठ्ठ्या कौल डोक्यावर धरून दहा फोटो काढून घेतो आणि ओढ्यापाशी ते झुडपात टाकून पुढे जातो, हे मी शाळेच्या खिडकीतून स्वतः पाहिलंय. संध्याकाळी तात्या जाऊन ते उचलून आणायचे, पुसायचे आणि परत थप्पीवर ठेवायचे. माझा स्वभाव तापट. मी एकदा म्हटलं, असल्या नगांना कशाला देता? तर तात्या म्हणाले, "ओढ्यापातूर तर नेलं ना, बाई." माणूस भांडायलाच तयार नसेल तर माझ्यासारखीची फार पंचाईत होते.

मी त्या गावच्या शाळेत शिक्षिका होते. राहायला खोपोलीत, शिळफाट्याला. रोज उठून दोन वाहनं बदलून यायचे आणि शेवटचा तुकडा पायी. तात्यांचा ओटा त्या पायवाटेवर, त्यामुळे सकाळचा कोरा चहा त्यांच्याकडे, हे ठरून गेलेलं. त्यांची बायको सुंदराकाकू चहा द्यायची, तात्या ऐकायचे आणि मी बोलायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा संतोष माझ्याकडेच चौथीपर्यंत शिकला. अभ्यासात बेताचा, पण वर्गात कुणाचं दप्तर जड असेल तर हा आधी उचलणार. पुढे तो कळंबच्या एका रिसॉर्टवर कामाला लागला. तिथेच राहायचा, सुट्टीला घरी यायचा.

असाच एका श्रावणात तो सुट्टीला आला होता. काकूनं ताट वाढलं होतं. तेवढ्यात फोन आला की शहरातली काही पोरं पठारावर धुक्यात वाट चुकलीत. संतोष अर्ध्या ताटावरून उठला. पोरं त्याला सापडली, त्यानं त्यांना उतरणीच्या वाटेला लावून दिलं, आणि एक जण मागे राहिलाय असं कळलं म्हणून एकटाच परत वर गेला. तो मागे राहिलेला मुलगा तोवर दुसऱ्या बाजूनं घाटमाथ्यावरच्या गावात जाऊन सुखरूप पोचला होता. संतोषला ते कळायला मार्ग नव्हता. शोधता शोधता तो घसरून पडला आणि त्याचा उजवा हात खांद्यातून निखळला. रात्र झाली, ओढा भरून वाहू लागला. तात्या आणि गावातली माणसं कंदील, बॅटऱ्या घेऊन अलीकडच्या काठावर उभी राहिली. पलीकडे कुणाला जाता येईना.

पठारावर तात्यांचा पेंढा साठवायचा गोठा होता. संतोषला तो घरासारखाच. आत कोरडा पेंढा, वळचणीला काडेपेटी, जुनी घोंगडी. तो तिथवर सरपटत पोचला. पण दाराला कुलूप होतं. आदल्याच आठवड्यात लावलेलं. येणारे-जाणारे तिथे पार्ट्या करायचे, एकदा पेंढा पेटला, फुटलेल्या बाटलीच्या काचेनं गाईचा पाय चिरला. तेव्हा तात्यांनी शिळफाट्याच्या दुकानातून चांगलं जाडजूड कुलूप आणून लावलं. संतोष कळंबला होता. घरी आल्यावर त्याला सांगायचं होतं, पण जेवण अर्ध्यावर राहिलं आणि सांगायचंही राहिलं.

सकाळी ओढा उतरल्यावर तात्याच सगळ्यांच्या पुढे होते. संतोष दाराला पाठ टेकून बसलेला होता, उजवा हात मांडीवर. डाव्या हाताशी नारळाएवढा धोंडा पडला होता आणि कुलपावर ठोकल्याचे ओरखडे होते. जखमेनं नव्हे, रात्रभरच्या गारठ्यानं गेला असं डॉक्टर म्हणाले. माझा संतोष. इतकी वर्षं झाली, पण अजून कुणी पोर दुसऱ्याचं दप्तर उचलताना दिसलं की मी थांबून त्याच्याकडे बघत राहते.

दिवसकार्य झालं आणि तात्या एकटेच वर गेले. गोठा उतरवला, जोतं तेवढं ठेवलं. परतले ते कुलूप आणि तो धोंडा घेऊन. कुलपाची किल्ली त्यांनी करगोट्याला बांधली, ती पुढे कायम तिथेच. महिनाभर ते कुणाशी बोलले नाहीत. मग एक दिवस कौलांचा टेंपो दारात आला आणि तात्या ओट्यावर उकिडवे बसले, ते मी वर सांगितलंच.

खोपीला वर्षं लागली. पोरांच्या हातून येणारं काम, घाई करून चालणार नव्हतं. कौलांच्या आतल्या बाजूला पोरं आपली नावं लिहायची, कुणी खडूनं, कुणी कोळशानं. गावातल्या लोकांना ते आवडायचं नाही. देवळासारखी जागा, तिथे ही कसली नावं? तात्या म्हणायचे, ज्यानं आणलं त्याचं नाव आत राहू दे, पाऊस काय आतून पडतोय?

या काळात तात्यांना एक खोड लागली होती. कडी लावलेलं दार त्यांना बघवायचं नाही. स्वतःच्या घराला तर त्यांनी कडी ठेवलीच नाही, पण दुसऱ्याकडे गेले तरी जाता येता कड्या काढत फिरायचे. आमच्या शाळेच्या खिचडीच्या खोलीची कडी त्यांनी इतक्या वेळा काढली की गावातल्या एका कुत्र्यानं तिथे आपलं घरच थाटलं. मी संतापून सांगायला गेले. तात्यांनी निमूट ऐकलं आणि म्हणाले, "लोटलं की पुरं हाय, बाई." हे त्यांचं पालुपदच. दार लोटलं की पुरं. मी घरी येऊन नवऱ्याला हसत हसत सांगायला बसले आणि मधेच मला रडू फुटलं.

खोपीचं दार कळंबच्या वसंत सुतारानं केलं. मजुरी नको म्हणाला, संतोष त्याचा मित्र. आंब्याच्या फळ्यांचं चांगलं भक्कम दार, आणि आपल्या मनानं त्याला पितळेची सुरेख कडी. ते वर नेऊन बसवलं त्या दिवशी आम्ही बरेच जण गेलो होतो. वसंतानं मोठ्या हौसेनं कडी सरकवून दाखवली. तात्या खाली बसले, कोयत्याच्या टोकानं कडीचा एकेक स्क्रू काढला आणि कडी वसंताच्या हातात दिली. वसंताचा चेहरा पडला. मग दारच कशाला, म्हणाला. तात्यांनी त्याला समजावलं की वारा आत आला तर आत काय नि बाहेर काय, दोन्ही एकच. दार पाहिजे, पण अडवायला नको. त्यांनी दाराला दोरी बांधली, ती चौकटीशेजारच्या आतल्या खुंटीवरून घेतली आणि दुसऱ्या टोकाला संतोषच्या हाताशी सापडलेला तो धोंडा अडकवला. माणूस आत शिरला की धोंड्याच्या वजनानं दार मागून आपोआप लोटलं जायचं. वसंत ते बघत राहिला. त्यानं कडी खिशात टाकली, ती मला वाटतं अजून त्याच्याकडेच असेल.

मग तात्या बाहेर गेले. दार लोटलं, त्याला पाठ लावून जमिनीवर बसले, उजवा हात मांडीवर ठेवला आणि मागे रेलले. दार उघडलं. ते उठले, बिजागरीला खोबरेल सोडलं आणि पुन्हा तसेच बसले. आम्ही सगळे तोंडं फिरवून उभे होतो. ज्याला हात उचलता येत नाही, त्याला ते दार उघडता यावं, एवढीच त्या माणसाची जगाकडून अपेक्षा उरली होती.

पण आंब्याचं लाकूड पावसात फुगतं. वसंतानं आधीच सांगितलं होतं. पाऊस लागला की दार चौकटीत आवळायचं आणि उंबऱ्याला घासायचं. म्हणून तात्या रंधा पिशवीत घालून भर पावसात वर जायचे. ओढा जरा उतरला की निघाले. दार तासायचं, तेल सोडायचं, पाठ टेकून बघायचं आणि परत यायचं. साग लावू या, लोखंडी करू या, असं कितीतरी जणांनी सुचवलं. तात्यांनी मनावर घेतलं नाही. मला वाटतं त्यांना ते दार फुगायलाच हवं होतं. त्या निमित्तानं मुलाकडे जाणं व्हायचं.

एकदा तो मुलगा आला, ज्याला शोधायला संतोष परत वर गेला होता. आता चांगला बाप्या झालेला. ओट्यावर तात्यांच्या पाया पडून तो जे रडायला लागला ते थांबेचना. काकू आत निघून गेली. तात्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. रडणं ओसरल्यावर त्यांनी थप्पीतून कौलं काढून त्याच्या हातात ठेवली. बाकीच्यांना एक, त्याला दोन. त्यांच्या रागाची मला दिसलेली ती एवढीच खूण. पोरगा दोन्ही कौलं छातीशी धरून चढला आणि त्यानं ती नीट वर पोचवली.

खोप झाली. आत मातीच्या बरणीत काडेपेटी, एक पातेलं, मीठ, घोंगड्या, कोपऱ्यात कोरडी लाकडं. जाताना पुढच्यासाठी लाकूड आणून ठेवायचं, हा नियम. बरेच जण पाळायचे. कितीतरी जण त्या खोपीत पावसातून वाचले. त्यातले काही उतरताना ओट्यावर येऊन सांगायचे, तेव्हा तात्या फक्त विचारायचे की दार नीट उघडलं ना.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका शनिवारी कुणी टोळभैरव वर जाऊन दारू पिऊन आले, घोंगड्या जाळल्या, दाराची खालची फळी शेकोटीत घातली. गावकरी चिडले. देवळासमोर मिटिंग झाली. सरपंच म्हणाले, खोपीला कुलूप लावू, किल्ली गावात ठेवू, ज्याला जायचं त्यानं नाव सांगून न्यावी. बोलणं अगदी रास्त होतं. माझंसुद्धा तेच मत होतं आणि ते मी नेहमीप्रमाणे मोठ्यानं सांगितलंही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तात्या उठून घरी गेले. आम्हाला वाटलं, रागावले. पण ते परत आले आणि रुमालात बांधलेलं ते जुनं कुलूप त्यांनी सरपंचांसमोर ठेवलं. गंजलं होतं, पण ओरखडे दिसत होते. संतोष गेल्यापासून त्या रात्रीबद्दल एक अक्षर न बोललेला माणूस तेव्हा पहिल्यांदा बोलला.

"ह्ये कुलूप मी लावलं. मीबी असाच इचार केला व्हता, रास्त. जळू दे फळी, मी दुसरी बसवीन. जळू दे घोंगड्या. पण कुलूप नाय."

सरपंचांनी कुलूप परत रुमालात बांधून त्यांच्या हातात दिलं. विषय तिथेच संपला. मी काकूकडे पाहिलं. ती बायकांच्या मागे उभी होती, पदर तोंडात धरून.

काकूबद्दल सांगायला हवं. ती खोपीकडे कधीच गेली नाही. बांधताना नाही, दार बसवताना नाही. वर जाणाऱ्यांना ती भाकऱ्या बांधून द्यायची, घोंगड्या धुऊन द्यायची, पण ओढा तिनं ओलांडला नाही. नवराबायको एका घरात राहायची, वेळेवर जेवायची, आणि कामापुरतं बोलायची. तिनं कुलपासाठी नवऱ्याला माफ केलेलं नाही, असं सगळं गाव म्हणायचं. मीही तसंच समजत होते. आई ती, तिचं काय चुकलं, असंही मनात यायचं.

मी निवृत्त झाले, तरी अधूनमधून जायचे. मागच्या पावसाळ्यात गेले तेव्हा तात्या ओट्यावर खाटेला टेकून बसले होते. श्वास लागत होता. कर्जतच्या डॉक्टरांनी चढ सोडा, अंगणसुद्धा उतरू नका म्हणून सांगितलेलं. त्यांची नजर सारखी डोंगराकडे. मला म्हणाले, "आवळलं आसंल." काय ते विचारायची गरज नव्हती. वसंत मुलीच्या लग्नाच्या गडबडीत होता, येतो म्हणाला होता पण आला नव्हता. मी म्हटलं, गावातल्या कुणाला तरी पाठवू.

तेवढ्यात काकू आतून आली. तिनं नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला होता. खुंटीवरची रंध्याची पिशवी काढली, तेलाची बाटली घेतली आणि मला म्हणाली, "चला, बाई." तात्या तिच्याकडे बघतच राहिले. मीही. मग माझे गुडघे, माझं वय वगैरे जे काही सांगायचं होतं ते गिळून मी निघाले.

पाऊस थांबला होता, ओढ्याला पोटरीएवढं पाणी. काकू भराभर चढत होती. मी दर वळणाला बसत होते आणि ती थांबत होती. पठारावर धुकं होतं. खोप अगदी जवळ गेल्यावरच दिसली. काकू दारापाशी गेली. तिनं दाराला हात लावला नाही. वळली, पाठ लावून ओल्या जमिनीवर बसली आणि उजवा हात मांडीवर ठेवला. ही गोष्ट तिला कुणी सांगितली होती कोण जाणे. मागे रेलली. दार हललं नाही. पुन्हा जोर केला. पाय चिखलात घसरले, पण दार हललं नाही.

मग ती तशीच बसून राहिली, आणि एवढ्या वर्षांचं रडू बाहेर पडलं. मी शेजारी बसले. ती समोर धुक्यात बघत म्हणाली, "कुलूप मी आणाया लावलं, बाई. ह्यांच्या मनात नव्हतं. गायीचा पाय चिरला तवा मीच मागं लागले, की शिळफाट्याला जाताय तर आणाच. आन त्या दिवशी पोराला सांगायचं मीच इसरले. ह्यो माणूस गावासमोर म्हनाला, मी लावलं. मला येकदाबी बोलला नाय. येकदा बोलला असता तर बरं झालं असतं."

किती वर्षं मी त्या घरातला चहा पीत होते आणि कोण कुणावर रुसलंय याचे हिशेब मनात मांडत होते. त्या घरात रुसलेलं कुणी नव्हतंच.

आम्ही दोघींनी खांदे लावून दार ढकललं. ते करकरत उघडलं. काकूनं खालची कड तासली, बाजू तासली, बिजागरीला तेल सोडलं. शेतकऱ्याची बायको, रंधा कधी हातात धरलेला नाही, पण तिनं ते काम असं केलं की मधे मला हात लावू दिला नाही. मग बाहेर आली, दार लोटलं जाऊ दिलं आणि पुन्हा तशीच बसली. मागे रेलली. दार अलगद उघडलं आणि काकू पाठीवर आत पडली. मी धावले, पण ती उठलीच नाही. उताणी पडून वर कौलांकडे, त्यांवरच्या पुसट नावांकडे बघत राहिली. जमिनीवरून हात फिरवला.

"आत कोरडं हाय, बाई," ती म्हणाली.

मी बाहेर उभी राहिले. तिला तिथे जितका वेळ पडून राहायचं होतं तितका वेळ राहू दिलं. निघताना तिनं बाहेर पडलेलं एक लाकूड आणून कोपऱ्यात वाळत ठेवलं.

तात्या त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. गणपतीनंतर निरोप आला तेव्हा मी मुलीकडे होते, मला पोचता आलं नाही. आता दाराचं काम वसंत बघतो आणि काकू त्याच्याबरोबर जाते. पण माझ्यापुरते तात्या शेवटचे दिसले ते त्याच संध्याकाळी.

आम्ही उतरलो तेव्हा ते होते तसेच खाटेला टेकून बसले होते. काकूनं पिशवी खुंटीला अडकवली. तात्यांनी विचारलं, "उघडलं?"

"उघडलं."

"हात न लावता?"

"हात न लावता."

तात्यांनी डोळे मिटले. काकू त्यांच्यासमोर उभीच होती. चिखलानं पाठ भरलेली, केसांत लाकडाचा भुसा. खाली बघत म्हणाली, "कुलपाचं तुमी येकदा तरी मला बोलायचं व्हतं."

बराच वेळ तात्यांना श्वास मिळेना. मग ते म्हणाले, "काय बोलायचं गं. वझं येकानं उचललं की पुरं."

काकू त्यांच्या पायाशी बसली. तिनं वाकून त्यांच्या करगोट्याची गाठ सोडली आणि ती किल्ली काढून आपल्या मुठीत घेतली. तात्यांनी घेऊ दिली. मी न सांगताच निघाले. अंगणाच्या टोकाशी वळून पाहिलं, तर ती दोघं तशीच बसली होती आणि त्यांच्यामागे घराचं दार उघडं होतं.